हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर, तरी उशीर का होतो

पोरीला दिवस गेले की गावाकडून फोनवर एक सल्ला हमखास येतो, इकडं नका आणू, मुंबईतच ठेवा, तिथं मोठमोठी हॉस्पिटलं आहेत. सल्ला चुकीचा नाहीये. सायन, केईएम, नायर, कूपर, वाडिया, शिवाय उपनगरात पालिकेची हॉस्पिटलं आणि प्रसूतिगृहं, एवढं सगळं एका शहरात असताना बाळंतपणात बाई दगावावी कशी? हा प्रश्न मलाही पडायचा. मी डॉक्टर नाही, पण काही वर्षं एका संस्थेच्या कामासाठी गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांमधून फिरले, आरोग्य सेविकांच्या मागे मागे घरोघरी जाऊन बसले, आणि तिथं हळूहळू लक्षात आलं की गावात दवाखाना लांब म्हणून उशीर होतो आणि शहरात दवाखाना जवळ असूनही उशीर होतोच, फक्त उशिराची जागा बदलते. तेच जरा उलगडून सांगते.

आधी आकडा. मातामृत्यू कशाला म्हणायचं तर गरोदरपणात, किंवा बाळंतपण म्हणा गर्भपात म्हणा झाल्यापासून ४२ दिवसांच्या आत, गरोदरपणाशी संबंध असलेल्या कारणाने झालेला मृत्यू. गरोदर बाई बसखाली येऊन गेली तर तो मृत्यू यात धरत नाहीत. असे मृत्यू दर १ लाख जिवंत जन्मांमागे किती, हा झाला मातामृत्यू दर. भारताचा २००१-०३ मध्ये ३०१ होता, तो २०१८-२० मध्ये ९७ वर आला. महाराष्ट्राचा तर तेव्हा ३३ होता, म्हणजे केरळच्या १९ नंतर आपलाच नंबर. ही खरंच मोठी गोष्ट आहे, उगाच रडगाणं गाण्यात अर्थ नाही. पण हा आकडा अख्ख्या राज्याचा असतो, त्यात मलबार हिलची बाई आणि देवनार डम्पिंगच्या कडेला राहणारी बाई एकाच भागाकारात जातात आणि कोणाच्या वाट्याला काय आलं ते त्यातून दिसत नाही. मुंबई महापालिकेच्याच २००९ च्या मानव विकास अहवालात सगळ्यात तळाला होता तो एम-पूर्व वॉर्ड, म्हणजे गोवंडी, मानखुर्द, शिवाजीनगर, बैंगनवाडी हा पट्टा. त्यावरून काय तो अंदाज घ्यायचा.

अजून एक आकडा लक्षात ठेवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली होती. म्हणजे 'बायका घरीच बाळंत होतात, अडाणी आहेत, म्हणून मरतात' हे जे उत्तर आपण वर्षानुवर्षं ठोकून देतो ते आता चालणार नाही. बाई दवाखान्यात जातेय. प्रश्न हा आहे की ती कोणत्या अवस्थेत जातेय, किती वाजता जातेय आणि तिथून तिला पुढं कुठं पाठवतायत.

वाजता हा शब्द मुद्दाम वापरला, कारण बाळंतपणातला प्रत्येक धोका आपलं घड्याळ घेऊन येतो. डॉक्टर लोकांमध्ये एक जुना ढोबळ हिशोब आहे, काहीच उपचार मिळाले नाहीत तर किती वेळ हातात असतो त्याचा. बाळंत झाल्यावर अंगावरून जोरात रक्त जायला लागलं तर साधारण २ तास. बाळंतपणाच्या आधी रक्तस्राव सुरू झाला तर १२ तास. बीपी वाढून झटके यायला लागले तर २ दिवस. जंतुसंसर्ग झाला तर ६ दिवस. म्हणजे सगळ्यात कमी वेळ मिळतो तो बाळ बाहेर आल्यानंतर, जेव्हा घरच्यांना वाटतं सुटलो एकदाचं, आणि बाहेर पेढ्यांचं बोलणं सुरू झालेलं असतं.

रक्त एवढं का जातं ते समजून घेण्यासारखं आहे. दिवस भरत आले की गर्भपिशवीला दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्तच रक्त पुरवलं जातं, कारण वारेतून बाळाला सगळं तिथूनच जायचं असतं. बाळ बाहेर आलं, मागून वार पडली, की वार जिथं चिकटलेली होती तिथं त्या सगळ्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. मग रक्त थांबतं कसं? तर पिशवीच्या स्नायूंचे धागे आडवेतिडवे विणल्यासारखे असतात आणि त्यांच्या मधून रक्तवाहिन्या जातात, पिशवी घट्ट आवळली की त्या आपोआप चिमटल्या जातात, पाण्याचा पाइप मुठीत दाबावा तशा. पिशवी आवळलीच नाही, सैल राहिली, तर पाइप उघडा. पिशवी सैल राहण्याची कारणं म्हणजे खूप वेळ कळा देऊन स्नायू दमलेले असणं, जुळी, लागोपाठची बाळंतपणं, वारेचा तुकडा आत राहणं, आणि बऱ्याचदा काहीच कारण सापडत नाही, सगळं नीट असलेल्या बाईलाही होतं. म्हणून तर प्रत्येक बाईला बाळ बाहेर आल्या आल्या ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन द्यायचं असा नियम आहे. हे इंजेक्शन २ ते ८ डिग्रीत ठेवावं लागतं, फ्रीजबाहेर पडून राहिलं तर हळूहळू त्याचा जोर जातो आणि बाटलीकडे बघून ते कळत नाही.

यातली एक गंमत म्हणजे, गंमत कसली म्हणा, किती रक्त गेलं ते डोळ्यांनी मोजायला गेलं की भले भले चुकतात आणि नेहमी कमीच धरतात. चादर, कापूस, बादली सगळ्यात रक्त विखुरलेलं असतं. आफ्रिकेतल्या चार देशांमध्ये मोठा अभ्यास झाला, २०२३ मध्ये त्याचे निकाल आले, त्यात बाईच्या खाली खुणा केलेली प्लॅस्टिकची पिशवी लावायची, रक्त त्यात जमा होणार आणि आकडा दिसणार, आणि ठरलेल्या खुणेला पोचलं की पोट चोळणं, इंजेक्शन, सलाइन सगळं एकदम सुरू करायचं. एवढ्यावर गंभीर रक्तस्राव आणि त्यातून होणारे मृत्यू-ऑपरेशनं यांचं प्रमाण ६० टक्क्यांनी कमी झालं. त्याआधी २०१७ मध्ये २० हजार बायकांवरच्या अभ्यासात ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड नावाच्या स्वस्त औषधाने मृत्यू कमी होतात हे दिसलं होतं, पण पहिल्या ३ तासांत दिलं तरच. ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी तर साध्या कॉन्डोमला नळी बांधून तो गर्भपिशवीत सलाइनने फुगवायचा आणि आतून दाब देऊन रक्त थांबवायचं अशी युक्ती काढली. म्हणजे उपाय महागडे नाहीत. फक्त ते पहिल्या एक-दोन तासांत व्हायला पाहिजेत.

आता याच २ तासांत गरीब बाईचं काय होतं ते बघा. तिचे २ तास मुळात २ तास नसतातच. हिमोग्लोबिन १२ असलेल्या बाईचं एक लिटर रक्त गेलं तर ती पांढरी पडते, चक्कर येते, पण निभावते. हिमोग्लोबिन ६ असलेल्या बाईच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारा माल आधीच निम्मा असतो, तिचं तेवढंच रक्त गेलं तर हृदयाला पुरवठा करायला काही उरतच नाही. कधी कधी तर अर्ध्या लिटरलाच ती कोसळते. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे ॲनिमिया आणि ७ च्या खाली म्हणजे तीव्र, आणि त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या गरोदर बायकांपैकी जवळपास ४६ टक्के ॲनिमिक निघाल्या, देशात ५२ टक्के. म्हणून केसपेपरवर मृत्यूचं कारण 'पीपीएच', म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, असं तीन अक्षरांत लिहिलेलं असलं तरी ती गोष्ट सात-आठ महिने आधीच सुरू झालेली असते, खरं तर ती बाई बारा-तेरा वर्षांची असतानाच.

मग लोहाच्या गोळ्या देतात की सरकारी दवाखान्यात, फुकट, लाल रंगाच्या, १८० गोळ्या, त्या का खात नाहीत या बायका? हे वाक्य मी एसी ऑफिसमध्ये बसलेल्या लोकांकडून इतक्या वेळा ऐकलंय. एकदा बैंगनवाडीत एका बाईने मला सरळ सांगितलं, गोळीने शौचाला कडक होतं, काळं होतं, आणि संडास गल्लीच्या टोकाला, माणशी पैसे आणि सकाळी लाइन, आत दोन मिनिटं जास्त लागली की बाहेरून दार वाजवतात, तर मी गोळी खाऊ कशी? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गोळीचा दुष्परिणाम सगळ्यांना सारखाच, पण घरात स्वतःचा संडास असणाऱ्या बाईला तो त्रास आणि हिला तो रोजचा तमाशा. त्यातून सकाळी चहा-बटर किंवा चहा-पाव हाच नाश्ता आणि गोळी चहाबरोबरच घेतलेली, म्हणजे जे काही लोह अंगी लागायचं तेही चहा अडवून धरतो. संडासला जावं लागू नये म्हणून बायका पाणीच कमी पितात, लघवी धरून ठेवतात, त्यातून लघवीचा संसर्ग, तो वर किडनीपर्यंत चढला तर ताप आणि वेळेआधी कळा. आरोग्याच्या कोणत्याच तक्त्यात सार्वजनिक संडास हे मातामृत्यूचं कारण म्हणून लिहिलेलं नसतं.

१९९४ मध्ये सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी तीन उशिरांची मांडणी केली होती, सार्वजनिक आरोग्यात सगळे तीच वापरतात. पहिला उशीर, दवाखान्यात जायचं हे ठरवण्यात. दुसरा, दवाखान्यापर्यंत पोचण्यात. तिसरा, पोचल्यावर खरे उपचार मिळण्यात. गावात दुसरा उशीर मोठा असतो, रस्ता नाही, गाडी नाही, नदीला पूर. शहरात वाटतं दुसरा उशीर संपलाच, पण तो तिसऱ्याच्या पोटात जाऊन बसतो, कारण इथं बाई एका दवाखान्यात पोचते आणि तिथून पुढच्या, आणि तिथून त्याच्या पुढच्या.

उदाहरण घेऊ, हे काल्पनिक आहे पण यातला प्रत्येक तुकडा वस्तीत कोणाच्या ना कोणाच्या तोंडून ऐकलेला आहे. समजा शिवाजीनगरात एक बाई, तिसरी खेप, रात्री अकराला कळा. नवरा ड्यूटीवर, शेजारीण रिक्षा बघायला पळते. ॲम्ब्युलन्स बोलवावी तर १०८ ची गाडी मेन रोडपर्यंतच येणार, गल्ली एवढी अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटायचं, मग तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून बाहेर आणायचं. साडेअकरा. जवळच्या प्रसूतिगृहात सिस्टर बीपी घेतात, ते वाढलेलं, रिपोर्ट मागतात, हिमोग्लोबिनचा जुना रिपोर्ट ६.८. रात्री तिथं भूलतज्ज्ञ नाही, रक्त साठवायची सोय नाही, तर सिस्टर आणि डॉक्टर म्हणतात इथं नाही होणार, मोठ्या हॉस्पिटलला न्या. त्यांचं तसं चुकत नाही, हे लक्षात घ्या, इथं ठेवून घेतलं आणि काही झालं तर तेही वाईटच. चिठ्ठी मिळते. सव्वाबारा. उपनगरातल्या हॉस्पिटलला पोचतात, तिथं नवीन केसपेपर, पुन्हा तपासणी, आयसीयूत बेड नाही, सायनला घेऊन जा. गाडी येईपर्यंत पाऊण तास. सायनला पोचेपर्यंत पावणेदोन आणि तिथं लेबर रूममध्ये एका एका खाटेवर किती बायका असतात ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. या तीन तासांत तिला तिन्ही ठिकाणी कोणीतरी बघितलंय, बीपी तिन्ही ठिकाणी मोजलंय, पण कोणी झटके थांबवायचं मॅग्नेशियम सल्फेट दिलं का आणि पुढच्या हॉस्पिटलला 'अशी अशी बाई येतेय, रक्त तयार ठेवा' असा एक फोन केला का? तो एक फोन झाला की पुढं गेल्यावर तासभर वाचतो. वाडीतल्या सेविका यालाच 'फिरवाफिरवी' म्हणतात, एका सेविकेने तर मला हिशोब दिला होता, ताई, बाई मरत नाही हो, तिला फिरवून फिरवून संपवतात.

ही बातमी होत नाही. बातमी होते ती वेगळी. २०२४ च्या एप्रिलअखेर भांडुपमधल्या एका पालिका प्रसूतिगृहात वीज गेलेली असताना मोबाइलच्या टॉर्चवर सिझर केलं असा आरोप नातेवाइकांनी केला, आई आणि बाळ दोघंही गेले, चौकशी लागली. टॉर्च सगळ्यांना दिसतो, तीन केसपेपरांच्या मधला वेळ फोटोत येत नाही.

मुंबईतल्या मृत्यूंच्या आकड्यात आणखी एक गुंता असतो, मरण पावलेल्यांमध्ये बऱ्याच बायका मुंबईच्या नसतातच, भिवंडी, पालघर, रायगड, ठाणे कुठून कुठून शेवटच्या क्षणी सायन-केईएमला पाठवलेल्या असतात. त्यामुळे मोठ्या सरकारी हॉस्पिटलात जास्त मृत्यू दिसतात म्हणून तिथं वाईट उपचार होतात असा अर्थ काढणं अन्यायाचं आहे, सगळ्यांनी सोडून दिलेलं तिथं येतं. त्यात छोटी खाजगी नर्सिंग होमंही आली, पैसे आहेत तोवर ठेवायचं आणि केस हाताबाहेर गेली की 'सरकारीत न्या'.

रक्ताचंही तसंच. १ जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जाण्यायेण्याची गाडी सगळं मोफत आहे, कागदावर. प्रत्यक्षात रात्री नवऱ्याला सांगतात डोनर घेऊन या. या शहरात ज्याचे भाऊबंद आहेत तो चार फोन करतो, पण ज्याला दरभंग्याहून किंवा बीडहून येऊन सहा महिने झालेत आणि ओळखीत फक्त मुकादम आहे, तो कोणाला उठवणार? आणि मे महिन्यात, कॉलेजं बंद, शिबिरं बंद, तेव्हा रक्तपेढ्यांतच खडखडाट असतो.

स्थलांतराने आणखी एक गोष्ट मोडते ती म्हणजे कागदाची साखळी. मुंबईत बायका म्हणतात 'नाव घातलं का?' म्हणजे हॉस्पिटलात गरोदरपणाची नोंद केली का. नाव पहिल्या तीन महिन्यांत घातलं तर रक्तगट, हिमोग्लोबिन, बीपी, शुगर, एचआयव्ही सगळं वेळेत कळतं. पण ओपीडी सकाळची असते आणि नळाला पाणीही सकाळीच येतं, आणि चार घरची धुणीभांडी करणारी असेल तर एक ओपीडी म्हणजे एक खाडा. सोनोग्राफीची तारीख महिन्याने, नाहीतर बाहेरून करून आणा. आधार कार्ड गावच्या पत्त्याचं. पाचव्या महिन्यात कसंबसं नाव घातलं की सातव्यात बाई गावी निघते, बाळंतपण माहेरी, आणि मग तिकडं काही करमत नाही किंवा भांडण होतं किंवा गावच्या डॉक्टरने घाबरवलं म्हणून नवव्यात परत मुंबई. या ये-जा मध्ये कार्ड कुठल्या तरी पिशवीत राहतं आणि ऐन वेळी दारात उभी असलेली बाई हॉस्पिटलसाठी 'अनबुक्ड', म्हणजे जिच्याबद्दल काहीच माहीत नाही अशी. ओरडा खाते तो वेगळाच. लेबर रूममधली भाषा हा तर स्वतंत्र विषय, पहिल्या खेपेला जे ऐकून घेतलंय ते आठवून दुसऱ्या खेपेला बाई कळा अंगावर काढते, अगदी असह्य झाल्याशिवाय जात नाही, हा पहिला उशीर हॉस्पिटलनेच तयार केलेला.

बीपीबद्दल थोडं. गरोदरपणात बीपी वाढणं हा आजार वारेतून सुरू होतो आणि बाईला स्वतःला बराच काळ काही जाणवत नाही. पायावर सूज असते, पण ती तर सगळ्यांनाच येते असं सासू सांगते. मग डोकं दुखतं, डोळ्यांपुढे काजवे, छातीखाली दुखतं त्याला ॲसिडिटी म्हणून मेडिकलवरून गोळी, आणि एक दिवस झटके. झटके आले की काही घरांत मांत्रिकाकडे धाव, अजूनही. मॅग्नेशियम सल्फेट दिलं तर झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो हे २००२ मध्ये दहा हजारांवर बायकांच्या अभ्यासात सिद्ध झालं, औषध अगदी स्वस्त. पण त्याआधी कोणीतरी दर खेपेला दंडाला पट्टा बांधायला पाहिजे, एवढंच.

आता जे आजार बाळंतपणाचे नाहीतच पण बाळंतपणात जीव घेतात त्यांच्याकडे येते, कारण शहरी गरिबीचा खरा ठसा मला तिथं दिसतो. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं झोपतात, लहानपणी घसा धरला, ताप आला, बरा झाला, कोणी लक्ष दिलं नाही. तो घसा कधी कधी वाताचा ताप होऊन हृदयाची झडप कायमची आक्रसवून जातो. ती पोर वाढते, थोडी दमते, चालून जातं. पण गरोदरपणात अंगातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं आणि ते सगळं त्या अरुंद झडपेतून जायचं असतं, सातव्या महिन्यात तिला धाप लागते, आडवं झोपता येत नाही, घरचे म्हणतात पोट मोठं झालंय म्हणून. बाळंत झाल्या झाल्या पिशवी आवळते तेव्हा तिथलं रक्त एकदम हृदयाकडे परत येतं आणि फुफ्फुसात पाणी भरतं. टीबीचंही तसंच, खोकला अंगावर काढायचा, वजन वाढत नाही तर 'मुळातच बारीक आहे'. आणि पावसाळा आला की कावीळ. गटाराला लागून गेलेल्या फुटक्या पाइपातून येणाऱ्या पाण्यातून हेपेटायटिस ई होतो, बाकीच्या माणसांना पंधरा दिवस अशक्तपणा देऊन जातो, पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणींपर्यंत दगावू शकतात. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो आहेतच. या बायकांचे मृत्यू 'अप्रत्यक्ष कारण' या रकान्यात जातात. पाइप बदलणं हे पाणी खात्याचं काम, आरोग्य खात्याचं नाही, त्यामुळे बैठकीत तो विषय येत नाही.

गर्भपाताबद्दल बायका कुजबुजत बोलतात. 'खाली केलं' म्हणतात. कायदा १९७१ पासून आहे, २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही परिस्थितींमध्ये २४ आठवड्यांपर्यंत परवानगी आहे, नवऱ्याची सही लागत नाही, हे वस्तीत दहापैकी एखादीला माहीत असेल. सरकारी दवाखान्यात प्रश्न फार विचारतात म्हणून नवरा मेडिकलमधून गोळ्यांचं पाकीट आणतो. देशात २०१५ मध्ये अंदाजे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यातले जवळपास तीन चतुर्थांश असे दवाखान्याबाहेर गोळ्या घेऊन झाले, असा एक मोठा अभ्यास आहे. गोळ्या मुळात चांगल्या आहेत, बऱ्याच सुरक्षित आहेत, त्यांनी कित्येक जीव वाचवलेत काड्या-मुळ्यांपासून. पण किती महिने झालेत ते न बघता घेतल्या तर अर्धवट पडतं आणि रक्त जातच राहतं, आणि गर्भ पिशवीत नसून नळीत असेल तर गोळीने काहीच होत नाही, नळी फुटते, पोटातल्या पोटात रक्तस्राव. तेव्हा 'गोळीचंच रक्त जातंय' म्हणून घरी थांबायचं.

आणि गल्लीतले ते 'डॉक्टर'. लवकर मोकळी होशील म्हणून कळा वाढवायचं इंजेक्शन देतात, तेच ऑक्सिटोसिन जे बाळ झाल्यावर जीव वाचवतं ते बाळ आत असताना अंदाजाने टोचलं तर पिशवी फाटू शकते, आधी सिझर झालेलं असेल तर जास्तच.

एक इतिहासातली गोष्ट राहून राहून आठवते. याच मुंबईत गिरण्यांमधल्या बायकांना बाळंतपणात पगारी रजा मिळावी म्हणून १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आलं, डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले होते, १९२९ मध्ये कायदा झाला. २०१७ मध्ये रजा २६ आठवड्यांची झाली, बातम्या झाल्या. पण ती दहा आणि त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना. घरकामवाली, नाक्यावरची, घरी बसून जरी लावणारी, कचरा वेचणारी, यांना काय? पहिल्या बाळाला मातृवंदना योजनेचे ५००० रुपये, तेही बँक खातं, आधार आणि नोंदणी जुळली तर. त्यामुळे नवव्या महिन्यापर्यंत काम आणि बाळंत झाल्यावर महिन्याच्या आत परत काम, नाहीतर ती चार घरं दुसरीला जातात.

शेवटचा भाग हा नंतरच्या ४२ दिवसांचा. नॉर्मल डिलिव्हरी असेल तर दोन दिवसांत घरी, गर्दी असेल तर त्याच्याही आधी. जास्तीत जास्त मृत्यू बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांत होतात आणि नेमकं तेव्हाच बाईकडे कोणी बघत नसतं, सगळे बाळाकडे. ताप आला तर 'दूध आलंय', घाण वास येतोय तर 'असतंच', एक पाय सुजून दुखतोय तर शेक देतात आणि ती आत झालेली रक्ताची गाठ असू शकते. बाई गप्प गप्प, बाळाला घेत नाही, रडते, तर नजर लागली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१२ पासूनच्या वर्गीकरणात या काळातली आत्महत्यासुद्धा मातामृत्यू म्हणूनच धरायची आहे, आपल्याकडे ती पोलिसांच्या वहीत जाते. आणि बाराव्या दिवशी ताप येऊन दुसऱ्याच हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डात गेलेली बाई, तिच्या पेपरवर कोणी विचारून लिहिलं नाही की ही ओली बाळंतीण होती, तर ती न्यूमोनियाची रुग्ण म्हणून मोजली जाते.

बाळाचा दीड महिन्याचा डोस असतो ना, तो पडतो सहा आठवड्यांनी, म्हणजे बरोबर ४२ व्या दिवसाच्या आसपास. लसीकरणाच्या दिवशी आरोग्य केंद्राच्या बाकावर बसलं की दिसतं, बहुतेक बाळं आईच्या मांडीवर असतात, एखादं आजीच्या, मावशीच्या. आमच्या बरोबरची एक सेविका अशा आजीला लस झाल्यावर बाजूला घ्यायची आणि हळूच विचारायची, सून कुठंय? बहुतेक वेळा उत्तर यायचं कामाला गेलीय. दोनदा तसं नव्हतं, आणि त्या दोन्ही बायकांची नोंद तोवर कुठंच झालेली नव्हती.